घर बागबाजारात की न्यूटाऊनला?

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात पहिली चिंता सुरू होते ती नव्या गावातल्या घराची. शहर कोलकात्यासारखं अनोळखी असेल, तर नुसते भाड्याचे आकडे बघून घर ठरवलं जातं आणि वर्षभर पस्तावा होतो. जुन्या कोलकात्यातला बागबाजार आणि शहराच्या नव्या वस्त्या यांची ही तुलना... सामान बांधायला घेण्याआधी वाचावी अशी.

बदलीची बातमी दुपारी ऑफिसात कळते आणि रात्री जेवणाच्या वेळी घरात सभा भरते. बँक, विमा, रेल्वे, कोळसा, भूगर्भ सर्वेक्षण अशा नोकऱ्यांतल्या मराठी घरांना हा प्रसंग नवा नाही. युको बँकेचं मुख्यालय कोलकात्यात, पूर्व आणि दक्षिण-पूर्व या दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं तिथेच, कोल इंडिया आणि जिऑलॉजिकल सर्व्हेही तिथलेच. बढती हवी असेल तर हावडा स्टेशनवर उतरणं आलंच. मुंबईहून गीतांजली एक्सप्रेसने निघालं की तीस तासांहून अधिक प्रवास. तेव्हा शनिवारी जाऊन घर बघून सोमवारी परत, हे जमत नाही. मग कुणी सहकारी फोनवरून एक पत्ता देतो, दलाल चार फोटो पाठवतो आणि घर ठरतं. पश्चात्तापाची सुरुवात इथूनच होते.

कोलकात्यात घर शोधणाऱ्याच्या कानावर दोन नावं हमखास पडतात. उत्तरेचा बागबाजार, म्हणजे जुनं कोलकाता आणि पूर्वेचं न्यूटाऊन, म्हणजे नवं. एकीकडे उंच छताची, लाल सिमेंटच्या जमिनीची जुनी घरं. दुसरीकडे लिफ्ट, वाहनतळ आणि पहारेकरी असलेले मनोरे. दोन्हीकडचं भाडं वरवर सारखं वाटू शकतं. पण दोन्हीकडचा संसार सारखा नसतो.

ज्या खंदकाने अडवलं, त्याच खंदकाकाठी

मराठी माणसाने बागबाजारात घर शोधावं, यात इतिहासाची एक गंमत आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२मध्ये फौज घेऊन बंगालवर चालून गेले. या स्वाऱ्यांमध्ये बंगालच्या गावांची जी होरपळ झाली, तिची आठवण तिथल्या अंगाईगीतात आजही आहे. न झोपणाऱ्या बाळाला 'बर्गीं'ची भीती घातली जाते. बर्गी म्हणजे आपले बारगीर! कोलकात्यातल्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी तेव्हा शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला. मराठे त्या खंदकापर्यंत आलेच नाहीत आणि पुढचं काम तसंच राहिलं. १७९९मध्ये बराचसा खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. हा खंदक उत्तरेला जिथून सुरू व्हायचा ती जागा म्हणजे बागबाजार. तिथे आजही 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे.

पुढे हे वैर राहिलं नाही. 'अमृतबझार पत्रिका' हे गाजलेलं वृत्तपत्र बागबाजारातूनच निघायचं आणि त्याचे मोतीलाल घोष हे लोकमान्य टिळकांचे स्नेही. शिवाजी उत्सवासाठी टिळक १९०६मध्ये कोलकात्याला गेले होते. तेव्हा बागबाजारच्या माणसाला 'मराठी' हा शब्द परका नाही. फक्त आडनाव सांगितल्यावर बर्गींचा विषय निघाला तर हसून घ्यावं.

बागबाजारात मिळतं काय?

पश्चिमेला हुगळी, उत्तरेला कालवा, पूर्वेला श्यामबाजार आणि दक्षिणेला मूर्तिकारांची कुमारटुली. या चौकटीत बागबाजार वसलेला आहे. पुण्याच्या पेठांत राहिलेल्यांना तो पटकन उमगतो. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी घरं, घरासमोर रस्त्याला लागून ओटा. या ओट्याला बंगालीत 'रोआक' म्हणतात आणि संध्याकाळी त्यावर बसून गप्पा मारायच्या त्याला 'अड्डा'. आपण आळी म्हणतो, ते म्हणतात 'पाडा'. पाड्यातला नवा माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याला हे हवंसं वाटतं त्याच्यासाठी बागबाजार स्वर्ग. ज्याला दार लावून शांत बसायचं असतं त्याने आधीच विचार करावा.

मोठा फायदा जाण्या-येण्याचा. डलहौसी म्हणजे आजचा बिनय-बादल-दिनेश बाग. सरकारी कचेऱ्या आणि बँका तिथे एकवटलेल्या आहेत. बागबाजारहून तिकडे जायला श्यामबाजार किंवा शोभाबाजारची मेट्रो आहे. नदीकाठाने जाणाऱ्या चक्ररेल्वेचं बागबाजार नावाचं स्टेशनच आहे, मात्र तिच्या गाड्या मोजक्या असतात. वेळापत्रक बघूनच तिच्यावर विसंबावं. देशातली पहिली मेट्रो कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ला धावली आणि १९९५मध्ये ती दमदम ते टॉलीगंज सलग झाली, तेव्हापासून उत्तरेचं दक्षिणेशी नातं जवळचं झालं. बारानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आर. जी. कर रुग्णालयात नोकरी असेल, तर बागबाजार अगदी हाकेच्या अंतरावर.

पाण्यासाठी जवळच टाल्याची टाकी आहे. १९११मध्ये सुरू झालेली ही नव्वद लाख गॅलनची लोखंडी टाकी आजही शहराला पाणी पुरवते. बाजारहाट दाराशी होते. मासे तर विचारूच नका. मुंबईत मासे-मटण खाणाऱ्या घरांना सोसायटीत नाकारलं जाण्याचा अनुभव असतो. इथे उलट मासे न खाणाऱ्यालाच काळजीने विचारलं जातं की, मग जेवता काय? नवीनचंद्र दासांनी १८६८मध्ये रसगुल्ला याच बागबाजारात केला, असं बंगाली परंपरा सांगते. मुलांना पाडा आवडायला तेवढंही पुरेसं असतं.

आणि जातं काय?

जुन्या घराचं कौतुक पहिल्या पावसापर्यंत टिकतं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. छताला लाकडी किंवा लोखंडी तुळया आणि आडवी दांडकी असतात. त्याला 'कडी-बरगा' म्हणतात. लाकूड असेल तर वाळवी, लोखंड असेल तर गंज. म्हणून घर बघताना मान वर करून बघावं. तळमजल्यावर ओल आणि डास, वरच्या मजल्यावर गच्चीखालचा उकाडा. लिफ्ट नाही. घरात सांधेदुखीची आजी किंवा आजोबा असतील तर दुसऱ्या मजल्यावरचं सुरेख घरही निरुपयोगी. न्हाणीघर आणि संडास स्वतंत्र आहेत की सामाईक, हे स्पष्ट विचारावं. चारचाकी असेल तर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न बहुतेक गल्ल्यांत अनुत्तरितच राहतो.

कोलकाता महापालिका धोकादायक इमारतींवर 'बिपज्जनक बाडी' अशी पाटी लावते. बंगाली अक्षरं वाचता येत नसतील तर तेवढे दोन शब्द तरी कुणाकडून ओळखायला शिकून घ्यावेत. अशा पाटीखाली भाड्याने माणसं राहत असतात आणि नव्यांनाही जागा दाखवली जाते. भाडं कमी का, याचं उत्तर मग दारावरच लिहिलेलं असतं.

आगीचाही विचार हवा. १३ जानेवारी २०२१ला बागबाजारातल्या एका वस्तीला आग लागली आणि अनेक झोपड्या खाक झाल्या. गल्लीत बंब शिरू शकतो का, विजेच्या तारा कशा लोंबताहेत, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

'शरिकी बाडी' नावाचं प्रकरण

उत्तर कोलकात्यातल्या घरांचा खरा गुंता विटांमध्ये नसतो, कागदांमध्ये असतो. एका पूर्वजाचं घर तीन-चार पिढ्यांत वाटत वाटत वीस-पंचवीस वारसांचं झालेलं असतं. अशा घराला 'शरिकी बाडी' म्हणतात. आपल्याकडच्या वाड्यांची हीच कथा. त्यातला एक हिस्सेदार दोन खोल्या भाड्याने देतो, आगाऊ पैसे घेतो आणि महिन्याने दुसरा हिस्सेदार दारात उभा राहतो. तेव्हा घरमालकाला (तिथे त्याला 'बाडीवाला' म्हणतात) पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, या खोल्या तुमच्या एकट्याच्या नावावर आहेत का? महापालिकेच्या कराची ताजी पावती मागितली तर चांगला बाडीवाला रागवत नाही.

दुसरी गोम भाडेकायद्याची. मुंबईच्या पागडीच्या चाळींसारखीच कोलकात्यातही पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहणारी कुटुंबं आहेत. पागडीला तिथे 'सेलामी' म्हणतात. इतक्या कमी भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही आणि संरक्षण असल्याने भाडेकरू सोडत नाही. मधल्या मध्ये घर खचत जातं. बागबाजारातलं एखादं घर अर्धं चकाचक आणि अर्धं पडीक दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

नव्या भाडेकरूने मात्र या जुन्या संरक्षणाच्या भरवशावर राहू नये. पश्चिम बंगालचा १९९७चा भाडेकरू कायदा २००१पासून लागू झाला. महापालिका हद्दीत राहण्याच्या जागेचं भाडं महिना साडेसहा हजारांहून अधिक असेल तर तो कायदा त्या जागेला लागूच होत नाही. आजच्या बऱ्या घराचं भाडं यापेक्षा जास्तच असतं. म्हणजे सगळी भिस्त करारपत्रावर. महाराष्ट्रात 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार नोंदवावाच लागतो, तशी शिस्त तिथे सर्रास दिसत नाही. अकरा महिन्यांचा करार स्टँपपेपरवर होतो आणि काम भागतं. त्यामुळे कागदावर चार गोष्टी हव्यातच. अनामत किती आणि ती किती दिवसांत परत, भाडेवाढ किती टक्के, दुरुस्ती कुणाची आणि घर सोडण्याची आगाऊ सूचना किती दिवसांची. मुंबईसारखी भरमसाट अनामत तिथे सहसा लागत नाही. सर्वसाधारणपणे दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि दलालाला एका महिन्याचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचा अर्जही भरून टाकावा.

दक्षिण, सॉल्ट लेक आणि न्यूटाऊन

बागबाजारची तुलना कशाशी करायची? शहराचे ढोबळ चार भाग डोळ्यांसमोर ठेवले तर सोपं जातं.

पहिला भाग दक्षिणेचा. भवानीपूर, कालीघाट, बालीगंज, गडियाहाट. रस्ते रुंद, दुकानं झगझगीत, चांगल्या शाळा जवळ. बालीगंज-अलिपूरकडचं भाडं शहरात सर्वांत चढं. मराठी माणसासाठी इथलं आकर्षण म्हणजे हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास. गणेशोत्सवापासून वधू-वरांच्या चौकशीपर्यंत कोलकात्यातल्या मराठी मंडळींचा हा जुना ठिय्या. नव्याने आलेल्या कुटुंबाला घराचा खरा सल्ला इथे मिळतो, कारण सल्ला देणाऱ्याला त्यात दलाली नसते.

त्याच दक्षिणेत आणखी खाली जादवपूर, टॉलीगंज. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या कॉलन्या इथे आहेत. आता तिथे लहान लहान प्लॉटांवर चार-पाच मजली इमारती झाल्या आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारी घरं या पट्ट्यात बरीच मिळतात.

तिसरा भाग मधल्या कोलकात्याचा. बहूबाजार, बडाबाजार. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेली सांगली जिल्ह्यातली, विटा-खानापूर-आटपाडीकडची मंडळी कोलकात्यातही आहेत. बहूबाजार ही सराफांची पेठ. ज्याचा धंदा इथे त्याला इथेच राहणं सोयीचं, पण कुटुंबासाठी जागा दाटीची. शिवाय ऑगस्ट २०१९च्या अखेरीस मेट्रोचा बोगदा खणताना बहूबाजारातल्या दुर्गा पिथुरी लेन भागातली घरं खचली आणि रहिवाशांना नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावं लागलं. जुन्या भागात घर घेताना ही आठवण ठेवलेली बरी.

चौथा भाग पूर्वेचा. डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना खाऱ्या पाण्याची दलदल भरून काढून सॉल्ट लेक वसवण्याचं ठरलं. आराखडा युगोस्लाव्हियाचे वास्तुशिल्पी डोब्रिवोये तोश्कोविच यांनी केला. झाडं, बागा, अक्षरांच्या नावांचे ब्लॉक. जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे विकत घेणाऱ्याने हस्तांतराच्या अटी तपासाव्यात. बदलीवर येणाऱ्यांसाठी इथली केंद्रीय विद्यालयं ही मोठी सोय. त्याही पलीकडे राजारहाट-न्यूटाऊन. उंच इमारती, रुंद हमरस्ते, सेक्टर पाचमधल्या संगणक कंपन्या जवळ. दोष इतकाच की, दूध संपलं तरी बरंच चालावं लागतं आणि शेजारी कोण राहतं हे वर्षभर कळत नाही. २२ ऑगस्ट २०२५पासून हावडा मैदान ते सेक्टर पाच ही मेट्रो हुगळीच्या पोटातून सलग धावू लागली, त्यामुळे सॉल्ट लेकहून डलहौसी गाठणं सोपं झालं. न्यूटाऊनमध्ये मात्र २०२५ संपेपर्यंत मेट्रो पोहोचलेली नव्हती.

लोकही मधल्या शहरातून कडेला सरकताहेत. २००१च्या जनगणनेत कोलकाता महापालिका हद्दीत पंचेचाळीस लाख त्र्याहत्तर हजार माणसं होती, ती २०११मध्ये चव्वेचाळीस लाख सत्त्याण्णव हजारांवर आली. मुंबईकराला नवल वाटावं अशी ही गोष्ट, शहराच्या पोटातली लोकसंख्या चक्क घटली!

वहीत मांडायचा हिशेब

आता मुद्द्याचं. खालचे आकडे बाजारभाव नव्हेत. हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतलेलं ते उदाहरण आहे. आपापले आकडे घालून हा हिशेब वहीत मांडावा.

समजा, नोकरी डलहौसीत आहे. बागबाजारचं घर १४ हजारांना मिळतंय, न्यूटाऊनचं १६ हजारांना. दोन हजारांचाच फरक, मग नवं घर का नको? पण पुढे लिहा. बागबाजारहून जाण्या-येण्याचा महिन्याचा खर्च ६००, न्यूटाऊनहून २,५००. मुलांची शाळा सॉल्ट लेकला असेल तर स्कूलबस बागबाजारहून ३,०००, न्यूटाऊनहून १,५००. इमारतीच्या देखभालीचे न्यूटाऊनला २,०००, बागबाजारला पंप आणि किरकोळ दुरुस्तीचे ५००. बेरीज करा. बागबाजार १८,१०० आणि न्यूटाऊन २२,०००. फरक दोन हजारांचा नाही, ३,९००चा. आणि जाताना ४० मिनिटांऐवजी ८० मिनिटं लागत असतील तर रोजची ८० मिनिटं जादा, महिन्याच्या २५ दिवसांत ३३ तास. मुलांचा अभ्यास घ्यायचे तास तेच असतात.

आता नोकरी डलहौसीऐवजी सेक्टर पाचला आहे असं धरा. बागबाजारहून प्रवासाचे २,००० आणि न्यूटाऊनहून ५०० धरले, तर बेरीज १९,५०० आणि २०,०००. फरक अवघा पाचशेचा आणि जादा तासांचा भार आता बागबाजारच्या बाजूला. घरं तीच, भाडी तीच. निकाल मात्र उलटा! म्हणून 'कोणता भाग स्वस्त?' या प्रश्नाला उत्तर नाही. ऑफिस कुठे, शाळा कुठे आणि घरात म्हातारं माणूस आहे का, हे सांगितल्यावरच उत्तर निघतं.

नोकरदारांसाठी एक दिलासा. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी मुंबई, पुणे आणि कोलकाता ही तिन्ही शहरं 'एक्स' वर्गातच मोडतात. भत्त्याचे टक्के तेच राहतात. मुंबईहून जाणाऱ्याला त्यात तिथे अधिक चांगलं घर मिळू शकतं.

विकत घ्यायचं ठरलं तर

बदलीवर गेलेला माणूस लगेच घर विकत घेत नाही. पण काहींना शहर आवडतं आणि मुक्काम वाढतो. अशांना तिथली मापं आधी समजून घ्यावी लागतात. बंगालात जमीन 'काठा' आणि 'छटाक' यांत मोजतात. एक छटाक म्हणजे ४५ चौरस फूट, सोळा छटाकांचा एक काठा म्हणजे ७२० चौरस फूट आणि वीस काठ्यांचा एक बिघा. आपला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण दीड काठा. बिल्डरला तिथे 'प्रोमोटर' म्हणतात. तो 'सुपर बिल्ट-अप' सांगेल, आपण चटईक्षेत्र विचारावं.

महापालिका हद्दीत एक कोटीपर्यंतच्या घरावर ६ टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर ७ टक्के आणि वेगळं १ टक्का नोंदणी शुल्क, असा २०२५मधला दर. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. त्या हिशेबाने जाणाऱ्याला हा १ टक्का चटका देतो. मंजूर नकाशा, महापालिकेतली नावनोंदणी आणि पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. मार्च २०२४मध्ये गार्डन रीच भागात बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत शेजारच्या घरांवर कोसळून दहाहून अधिक माणसं मेली. स्वस्त फ्लॅटची अशीही किंमत असते.

आणखी एक मजेदार फरक. आपल्याकडे दक्षिणेचं दार म्हटलं की नाक मुरडतात. कोलकात्यात 'दक्षिण खोला', म्हणजे दक्षिणेकडून मोकळं असलेलं घर सर्वांत भाग्याचं! उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा त्याच दिशेने येतो. असं घर रिकामं दिसलं तर वास्तुशास्त्राच्या नावाखाली सोडू नये. तिथला माणूस त्यासाठी जादा पैसे मोजतो.

पाडा आपला कसा होतो?

बागबाजारात बाहेरून येऊन घर करणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठं नाव भगिनी निवेदितांचं. आयर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई जानेवारी १८९८मध्ये कोलकात्यात उतरली. गोऱ्यांच्या वस्तीत आरामात राहता आलं असतं. तिने निवडला तो सोवळ्या-ओवळ्याचा बागबाजार. बोसपाडा लेनमध्ये घर घेऊन १३ नोव्हेंबर १८९८ला तिने मुलींची शाळा सुरू केली. परदेशी बाईच्या घरी कामाला बाई मिळणंही कठीण होतं. पुढच्याच वर्षी प्लेग आला, तेव्हा निवेदिता स्वतः झाडू घेऊन गल्लीत उतरल्या. त्यानंतर त्या पाड्यात परक्या राहिल्या नाहीत. त्या घरात आता संग्रहालय आहे.

भाड्याच्या घरांचा फेरा शारदादेवींनाही चुकला नाही. कोलकात्यात आल्या की कधी भक्तांच्या घरी, कधी भाड्याच्या जागेत त्यांचा मुक्काम असायचा. शेवटी स्वामी शारदानंदांनी कर्ज काढून बागबाजारात घर बांधलं आणि मे १९०९मध्ये त्या तिथे राहायला आल्या. 'मायेर बाडी', म्हणजे आईचं घर म्हणून ते आज ओळखलं जातं. कर्ज फिटावं म्हणून शारदानंदांनी रामकृष्णांच्या चरित्राचं लिखाण हाती घेतलं. गृहकर्जाचा हप्ता संन्याशालाही सुटला नव्हता, एवढं यातून कळतं!

आजच्या भाडेकरूला झाडू घेऊन उतरावं लागत नाही. दुर्गापूजेची वर्गणी हसतमुखाने द्यावी, इतकंच. बागबाजारची सार्वजनिक पूजा १९१९पासूनची. सुभाषबाबूही कधीकाळी तिचे अध्यक्ष होते. त्या चार दिवसांत मंडपाच्या वाटेवरच्या गल्ल्यांतून संध्याकाळी पाय टाकायला जागा नसते. पुण्या-मुंबईत गणपतीच्या वाटेवर राहिलेल्यांना हे सांगायला नको. मात्र घर शोधायला पूजेच्या सुट्टीत जाऊ नये. दलालही मंडपात असतो आणि बाडीवालाही.

जाण्याआधी एवढं करा

० पहिले पंधरा दिवस तात्पुरत्या जागेत काढा. ऑफिसचं अतिथिगृह असेल तर उत्तम. महाराष्ट्र निवासात उतरण्याच्या सोयीबद्दल आधी विचारून ठेवा. फोटो बघून अनामत पाठवू नका.

० घर तीनदा बघा. सकाळी ऑफिसच्या वेळेला, दुपारी आणि रात्री नऊनंतर. शक्य तर एकदा पाऊस पडल्यावर. २२ सप्टेंबर २०२५च्या रात्री झालेल्या पावसाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि विजेचा धक्का बसून माणसं दगावली. गल्लीत पाणी कुठवर चढतं ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, दलालाला नको.

० मीटर कुठे आहे ते बघा. तळमजल्यावर, गुडघ्याइतक्या उंचीवर असेल तर ते घर नको. वीज शहरात सीईएससीची, सॉल्ट लेकला राज्य मंडळाची. मागची दोन बिलं मागा.

० पाणी महापालिकेचं की खोल कूपनलिकेचं, किती वाजता येतं, पंप किती वेळा चालतो हे विचारा. कूपनलिकेच्या पाण्यात लोह असेल तर बादलीला तांबूस डाग दिसतात.

० मुलांच्या शाळेचा प्रवेश आधी, घर मागून. बागबाजारच्या जुन्या शाळांमध्ये बरंच शिक्षण बंगाली माध्यमातून चालतं. पुन्हा बदली होणार असेल तर केंद्रीय विद्यालय किंवा केंद्रीय मंडळाची शाळा बघा.

० जी गृहिणी दिवसभर त्या घरात राहणार आहे तिने घर बघितल्याशिवाय होकार देऊ नका. नवरा दहा तास बाहेर असतो. ओल, अंधार आणि एकटेपणा तिच्या वाट्याला येतो.

० गोडा मसाला, आमसुलं आणि ज्वारीचं पीठ बरोबर न्या. मोहरीच्या तेलाची सवय व्हायला वेळ लागतो.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. तो वाटतो तितका अवघड नाही. कामवाली 'माशी' असते आणि आपणही मावशीच म्हणतो. थोरला तो 'दादा' दोन्हीकडे. वहिनीला 'बौदी' म्हणायचं, एवढं नवं शिकायचं. बागबाजारातल्या घरात तीन महिने काढले की, कोपऱ्यावरचा भाजीवाला 'बौदी' म्हणून हाक मारून कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवतो. न्यूटाऊनच्या चौदाव्या मजल्यावर भेंडी फोन केल्यावर घरपोच येते, पण हाक येत नाही. काहींना हाक नको असते, त्यांना लिफ्ट हवी असते आणि त्यात गैर काहीच नाही. वहीत हिशेब मांडताना या दोहोंपैकी आपल्या घराला काय हवं, तेवढं मात्र सगळ्यांना विचारून लिहावं. आजीला आणि मुलांनासुद्धा.